लाली चालू होईना

आमच्या विनीताला दुसरी मुलगी झाली ते साल २०२४. बारसं दिवाळीनंतर बंगळूरला झालं आणि आम्ही दोघं काही जाऊ शकलो नाही. श्यामरावांना तेवढा प्रवास झेपला नसता. तिकडे पाळणा हलत होता, त्याच सुमारास इकडे डमडमला आमच्या नर्सरीच्या जागामालकाचा माणूस येऊन सांगून गेला, की संक्रांतीपर्यंत जागा मोकळी करून द्या. तिथे फ्लॅट उठणार होते.

श्यामराव म्हणजे माझे यजमान. तोंडाने मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही, अहो म्हणूनच हाक मारली. लिहिताना घेते. अक्षरं मला उशिरा आली, विनीता शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या पाटीवर, आणि कागदावर सगळ्यांत आधी जे चोरून लिहिलं ते हेच नाव.

सांगली जिल्ह्यातून हे एका सरकारी फळबागेवर ट्रॅक्टर चालवायला म्हणून बदलीवर कलकत्त्याला आले आणि मग इथलेच झाले. निवृत्त झाल्यावर डमडमच्या कडेला थोडी जागा भाड्याने घेऊन नर्सरी टाकली. शेवंती, डालिया, झेंडू, आंब्याची कलमं. एका लिलावात मिळालेला जुना लाल ट्रॅक्टर दारात आणून उभा केला आणि मला म्हणाले, "शकुन, ही लाली." तेव्हापासून ती लालीच. घाटावरून गंगेची माती आणायची, गोठ्यांतून शेणखत आणायचं, कुंड्या भरून दक्षिणेत बालीगंजपर्यंत पोचवायच्या. मी चाकावरच्या पत्र्यावर बसून जायची. लोक बघायचे. कलकत्त्यात ट्रॅक्टरवर नऊवारीतली बाई बसलेली त्यांनी पाहिली नव्हती.

लॉकडाऊन लागलं तेव्हा लाली उभी राहिली ती राहिलीच. नंतर काम कमी झालं, यांचं वय झालं, आणि मग यांच्या डोक्यातल्या वाटाही हळूहळू पुसट व्हायला लागल्या.

ते एकदम झालं नाही. धुकं पडतं तसं झालं. आधी लांबचं झाड दिसेनासं होतं, मग जवळचं. कधी दुपारी मला विचारायचे, "नदीपलीकडचं रान झालं का नांगरून?" कोणती नदी, कुणाचं रान. सुरुवातीला मी सांगायची, अहो, आपण डमडमला आहोत. त्यावर त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी भर बाजारात त्यांची टोपी उडवली. मग मी शिकले. "झालं," म्हणायची. "आता बांधाकडचं राहिलंय." मग ते निवांत व्हायचे.

यंत्राच्या बाबतीत मात्र धुकं नव्हतं. पाना हातात दिला की बोटांना सगळं आठवायचं.

झाडं आधी गेली. कलमं बारासतच्या एकाने नेली, कुंड्या शेजारच्या शाळेने. आम्ही दोघं मुलाकडे, सुयशकडे, सॉल्ट लेकला राहायला जाणार होतो. त्याचं ऑफिस तिथे सेक्टर फाइव्हमध्ये. मोकळ्या झालेल्या जमिनीवर कुंड्यांचे गोल डाग राहिले आणि मध्ये पत्र्याच्या शेडखाली लाली.

"बाबा, ती पाच वर्षं जागची हललेली नाही," सुयश म्हणाला. रविवारी आला होता, ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसला होता.

"तूही सकाळपासून हललेला नाहीस," श्यामराव म्हणाले. "तुला कुणी कापायला आलंय का?"

सुयश हसला, पण त्याने ठरवलेलं होतं ते सांगितलं. सॉल्ट लेकच्या पलीकडे पाणथळीत मासे वाढवायची मोठी मोठी तळी आहेत, भेडी म्हणतात त्यांना. तिथल्या प्रकाश मंडल नावाच्या गृहस्थांना चिखल ओढायला आणि पंप चालवायला ट्रॅक्टर हवा होता. जुना चालेल, पण चालू हवा. बंद ट्रॅक्टर ओढत न्यायची त्यांची तयारी नव्हती. ते संक्रांतीच्या दिवशी येणार होते. त्यांनी नाही म्हटलं, तर त्याच दिवशी संध्याकाळी भंगारवाला गॅसकटर घेऊन येईल आणि जागच्या जागी तुकडे करून टेम्पोत भरून नेईल. दुसरा इलाज नव्हता. मालक एक दिवसही वाढवून देत नव्हता.

श्यामराव शेडकडे वळले. मग म्हणाले, "माझ्या डोळ्यांदेखत तिला कापायचं नाही. मी चालू करतो."

मला भीती वाटली. लाली चालू झाली नाही तर काय, याची नव्हे. कापताना ती ज्योत यांनी पाहिली, तर जे थोडं यांच्या डोक्यात उरलं आहे तेही त्या दिवशी विझेल, ही भीती.

नर्सरीत तन्मय होता, आमचा जुना माणूस. पन्नाशीचा, बडबड्या, दमेकरी. यांना काकाबाबू म्हणायचा, मला काकीमा. त्याला आता दुसरीकडे काम लागलं होतं, तरी सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी आणि दुपारी सुटल्यावर तो यायचा.

पहिलं काम बॅटरी. ती तर कधीच मेली होती. तन्मयने ओळखीच्या टोटोवाल्याकडून, म्हणजे बॅटरीच्या रिक्षावाल्याकडून, एक मागून आणली. जोडायच्या तारांच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती, कासाराच्या दुकानातल्या न विकलेल्या भांड्यासारखी. मी कढत पाणी ओतलं, यांनी ती कानशीने घासली. चावी फिरवली. कट्ट असा एक आवाज झाला आणि पुन्हा शांत.

"सेल्फ अडकलाय," श्यामराव म्हणाले, आणि हातोडीच्या दांड्याने त्याला दोन टपल्या दिल्या. मुलाला उठवतात तशा. पुन्हा चावी. या वेळी इंजिन फिरलं. घुर्र, घुर्र, घुर्र. फिरलं, पण पेटलं नाही. सायलेन्सरमधून धुराचा ठिपकासुद्धा नाही.

"धूर नाही म्हणजे डिझेल पोचत नाही," ते म्हणाले. "भूक लागलीय तिला."

टाकी उघडली तर आत डिझेल नव्हतंच म्हणायचं. खाली पाणी, वर काकवीसारखं काहीतरी. ते बादलीत काढून टाकलं. टाकी धुतली. फिल्टर नवा आणला. जुना तन्मयने हातात धरून बघितला आणि म्हणाला, "काकाबाबू, हे तर आमच्या घरच्या चहाचं गाळणं."

"तुझ्या बायकोला सांगतो," श्यामराव म्हणाले.

"सांगा. ती तुमचं ऐकते. माझं कुठे ऐकते."

नवं डिझेल घातलं. नळीत हवा अडकली होती ती काढायची होती. एक स्क्रू सैल करायचा, हाताने छोटा पंप मारत राहायचं, आधी फेस येतो, मग बुडबुडे, आणि मग काहीही न बोलता स्वच्छ धार. हे काम त्यांनी मला दिलं. मी पंप मारत होते आणि ते माझ्या खांद्यापाशी वाकून त्या स्क्रूकडे बघत होते. पौषाची सकाळ होती. धुकं एवढं, की डमडमला उतरणारी विमानं दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती, डोक्यावरून कुणी जाड कापड फाडत न्यावं तशी. कुठेतरी खजुराचा रस उकळत असावा. गोड, धुरकट वास धुक्यात मिसळला होता.

"आता ऊस तोडणीला आला असेल," ते म्हणाले.

"आला," मी म्हणाले.

"वास येतोय गुळाचा."

"येतोय ना."

धार स्वच्छ आली. त्यांनी स्क्रू आवळला, वर चढून बसले, चावी फिरवली. घुर्र घुर्र झालं, आणि मग सायलेन्सरमधून एक काळी ढेकर आली. तन्मयने देवाचं नाव घेतलं. पण लाली दोन वेळा खोकली आणि थांबली. पुन्हा फिरवलं, पुन्हा काळा धूर, पुन्हा खोकला, पुन्हा थांबली. असं बॅटरी दमेपर्यंत चाललं.

त्यानंतरचे दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. सकाळी धुकं, दुपारी कोवळं ऊन, संध्याकाळी चुलाणांचा धूर, आणि या सगळ्यात काळ्या धुराची एक एक ढेकर. श्यामरावांनी डिझेलची नोझलं काढली. तन्मयने ती गमछ्यात बांधून नागेरबाजारला एका वर्कशॉपवर नेऊन तपासून आणली. ठीक होती. पंपाची वेळ पाहिली, ठीक होती. बंद करायची तार कुठे अडकली आहे का पाहिलं. नव्हती. इंजिनाच्या बाजूला हवा गाळायची टाकी असते, तिच्या तळाशी तेलाची वाटी. ती त्यांनी पहिल्याच दिवशी काढून धुवून नवं तेल घालून बसवली होती. ती पुन्हा काढून पुन्हा धुतली.

दुपारी जेवून ते लालीच्या सीटवर जाऊन बसत आणि तिथेच त्यांचा डोळा लागे. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान छातीवर. मी खाली पोतं टाकून मुगाची डाळ निवडत असे. ऊन पत्र्याच्या भोकांतून त्यांच्या पाठीवर उतरायचं आणि हळूहळू सरकत जायचं. झोपेत त्यांचा उजवा पाय हलायचा. ॲक्सिलरेटरवर दाब द्यायचे, मग सोडायचे. वळणाला आले की खांदा झुकायचा. मी बघत बसायची, हे आता कुठल्या रानात आहेत, किती फेऱ्या झाल्या. एकदा तर मलाच वाटलं, चाकाखालची जमीन सरकते आहे, शेडचे खांब मागे मागे चाललेत, आणि आम्ही दोघं कुंड्यांच्या त्या गोल डागांवरून पाण्यावरून जावं तसे चाललो आहोत. मग विमान गेलं आणि सगळं होतं तिथे येऊन थांबलं.

जाग आली की विचारायचे, "बंद कुणी केली?"

"काय?"

"लाली. चालू होती आत्ता."

"डिझेल वाचवायला मी केली."

"बरं केलंस," म्हणायचे. आणि मग पाना शोधायला लागायचे.

संक्रांत दोन दिवसांवर आली. सुयशचा फोन आला. भंगारवाल्याला पक्कं सांगितलं आहे, असं म्हणाला. मी म्हटलं, "मंडलबाबूंना विचार, आठ दिवस थांबतात का."

"आई, मालक थांबत नाही ना. आणि खरं सांग, बाबांकडून होणार आहे का हे?"

"काळा धूर येतोय," मी म्हणाले.

"त्याने काय होतं?"

फोन ठेवल्यावर तेच डोक्यात राहिलं. दुपारी तन्मय आला तेव्हा मी चूल पेटवत होते. गॅसचा सिलिंडर सुयशकडे पाठवून दिला होता, म्हणून शेवटचे दिवस विटांची चूल मांडली होती. ओली लाकडं, राख साठलेली. धुराने डोळे भरून आले. मी राख ओढली, तोंड मोकळं केलं, आणि जाळ लागला.

"अहो," मी म्हणाले. ते जवळच नोझल पुसत बसले होते. "चुलीचं तोंड बुजलं की असाच काळा धूर येतो."

"मग?"

"लालीला जेवायला मिळतंय. श्वास मिळत नसेल."

तन्मय म्हणाला, "काकीमा बरोबर बोलते. मला दमा आहे, मला कळतं."

"वाटी मी दोनदा धुतली," श्यामराव म्हणाले.

"वाटी खाली आहे. वरची नळी?"

लालीच्या पुढच्या बाजूला दोन नळ्या उभ्या होत्या. एक सायलेन्सरची, धूर सोडायची. दुसरी हवा आत घ्यायची, तिच्या डोक्यावर पत्र्याची छत्रीसारखी टोपी. त्या दुसऱ्या नळीला एवढ्या दिवसांत कुणी हात लावला नव्हता.

"नळीत काय असणार," ते म्हणाले.

"बघूया तरी. टोपी काढायला वेळ लागत नाही." तन्मय उठला.

"नळीला हात लावायचा नाही," श्यामराव एकदम म्हणाले.

तन्मय थांबला. मीही. ते रागावलेले नव्हते. त्यांचा चेहरा मी ओळखत होते. काहीतरी आठवायला जावं आणि पोचेपर्यंत ते तिथून उठून गेलेलं असावं, तसा.

"का पण?" मी विचारलं.

"लावायचा नाही एवढं खरं." आणि थोड्या वेळाने, "का ते नाही सांगता येत."

तन्मयने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत होतं, की काकाबाबूंना झोप लागू दे, मग मी काढतो. मी मान हलवली, नको. त्यांच्या हातची यंत्रं तेवढी त्यांची उरली होती. तीही पाठीमागून उघडायला लागलो, तर मग त्यांचं काय राहिलं.

दुसरा दिवस भोगीचा. मी बाजरीचं पीठ कुठून मिळणार म्हणून ज्वारीच्याच भाकरी केल्या, तीळ लावून, आणि मिळाल्या त्या भाज्यांची मिसळ भाजी. तन्मयच्या बायकोने पिठे, संक्रांतीचं इथलं पक्वान्न, पाठवले होते, नव्या गुळाच्या सारणाचे. जेवून श्यामराव लालीवर जाऊन बसले आणि झोपले. तन्मय चाकाला टेकून बिडी न पेटवता तोंडात धरून बसला. ऊन त्या दिवशी दुधासारखं होतं. सगळं मऊ, सगळं दूर. शेजारच्या गच्चीवरून कुणाचा तरी पतंग तुटून आला आणि आमच्या मोकळ्या जमिनीवर घिरट्या घालत राहिला, उतरेना.

यांचा पाय हलत नव्हता. आज ते गाडी चालवत नव्हते. त्यांचा श्वास मोठा मोठा व्हायला लागला. मग दचकून जागे झाले.

"शकुन."

"इथेच आहे."

"ती धापा टाकत होती गं. वरच्या रानात चढाला लागलो आणि तिला धाप लागली. मी उतरलो, तिच्या मानेवर हात फिरवला. घशात काहीतरी अडकलंय तिच्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काढायला हवं."

"मग काढूया का?"

"तन्मय कुठाय? त्याला सांग, टोपी काढ. सांभाळून, पत्रा गंजलाय."

तन्मय उठून उभाच होता. टोपीचा स्क्रू गंजला होता. त्याने त्यावर तेल सोडलं, थोडं थांबला, पकडीने फिरवला. टोपी निघाली. त्याने दोन बोटं आत घातली.

"कापड आहे," तो म्हणाला. "कुणी बोळा कोंबलाय."

बोळा नव्हता. ती पुरचुंडी होती. ओढून काढायला वेळ लागला. आतून फुगून नळीला घट्ट बसली होती. शेवटी निघाली आणि तन्मयने ती माझ्या हातावर ठेवली. तेलाने, धुळीने काळी झालेली, पण एका बाजूला अजून हिरवा रंग आणि रेशमी काठ. तो खण होता. गावाहून आणलेला, विनीतासाठी ट्रंकेत ठेवलेला. लॉकडाऊनच्या आधी तो दिसेनासा झाला आणि मी पुष्कळ शोधला होता.

मी गाठ सोडली. आत तांदूळ होते, ओलाव्याने फुगून, मग वाळून दगड झालेले. एक हळकुंड. एक सुपारी. आणि नारळ काही नळीत मावला नसता, म्हणून त्याच्या जागी तांब्याचे दोन नवे कोरे वायसर. नोझलखाली बसतात ते.

मी ते वायसर हातात घेऊन उभी राहिले. लॉकडाऊन लागायच्या आधी लालीला एक गिऱ्हाईक ठरलं होतं, बर्दवानचं. ते येणार होते त्याच आठवड्यात सगळं बंद झालं आणि ते आलेच नाहीत. त्या आठवड्यातली एक दुपार मला आठवली. मी बाजारातून आले तर हे शेडमध्ये एकटे उभे, हात पाठीमागे. काय करताय, म्हटलं, तर म्हणाले, काही नाही, निरोप घेतोय. मी हसले होते.

लेक सासरी निघाली की तिची ओटी भरतात. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ. ते बायकांचं काम. पुरुष तिथे उभाही राहत नाही. विनीताने बंगळूरला नोंदणी करून लग्न केलं आणि आम्हाला फोन केला. तिची ओटी भरायची राहिली. मला त्याचं वाईट वाटतं हे मी यांना कितीदा बोलून दाखवलं होतं. यांनी कधी एका शब्दाने काही म्हटलं नव्हतं.

पुरचुंडीची गाठ पोत्याच्या तोंडाला मारतात ती होती. अशी गाठ आमच्या घरात एकच माणूस मारतो.

श्यामराव वरून वाकून बघत होते. "काय आहे ते?"

"ओटी," मी म्हणाले.

"ओटी? लालीची?" ते खाली उतरले. तांदळाचा तो दगड हातात घेतला, उलटा करून पाहिला, हळकुंडाचा वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर काही आलं नाही. मी वाट पाहिली. धुकं हललं नाही. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं.

तन्मय कधी माझ्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत होता.

"मी," मी म्हणाले.

"तू?"

"बर्दवानला जाणार होती ना ती. मोकळी कशी पाठवायची."

त्यांनी तांदळाचा दगड माझ्या हातात परत ठेवला. मग म्हणाले, "अगं शहाणे, नरड्यात कुणी ओटी भरतं का? पदरात भरतात."

"तिला पदर कुठाय?"

"म्हणून गळा दाबायचा?" आणि ते हसायला लागले. पुष्कळ महिन्यांनी हसले. तन्मयही हसायला लागला, हसता हसता त्याला खोकला लागला, आणि मग श्यामराव त्याच्या पाठीवर थापा मारत म्हणाले, "याच्या पण नळीत बघ गं, काय भरून ठेवलंयस ते."

मीही हसले. पदराने डोळे पुसले ते हसण्यानेच भरले असं त्यांना वाटलं असेल.

नळी कापडाने साफ केली, टोपी लावली. बॅटरी ताजी भरून आणली होती. ते वर चढले. चावी फिरवायच्या आधी त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. घुर्र, घुर्र. काळा धूर आला, जुना साठलेला. मग राखाडी. लाली खोकली. थांबणार असं वाटलं, पण थांबली नाही. एक ठोका पडला, मग दुसरा, मग ते ठोके एकमेकांना लागून आले आणि शेडचा सगळा पत्रा वाजायला लागला. चिमण्या उडाल्या. धूर विरळ झाला, निळसर झाला, मग दिसेनासा झाला.

"चढ," श्यामराव म्हणाले.

"काय?"

"चढ म्हणतोय. बांधाकडचं राहिलंय ना?"

मी सत्तरी ओलांडलेली बाई. तन्मयने हात दिला, मी चाकावरच्या पत्र्यावर चढून बसले. त्यांनी पहिला गिअर टाकला. लाली शेडमधून बाहेर आली आणि मोकळ्या जमिनीवरून सावकाश निघाली. कुंपणापर्यंत गेलो, वळलो, परत आलो, पुन्हा वळलो. नांगर नव्हता, पण ते मागे वळून बघत होते, तास सरळ पडतोय ना. दिवस कलायला लागला होता. धुकं जमिनीतून वर येत होतं, आधी चाकं दिसेनाशी झाली, मग कुंपण. डोक्यावर विमानं उतरत होती. त्यांचे दिवे धुक्यात ओले झाले होते. गुळाचा वास येत होता. मला कळेना, आपण कुठे आहोत, आणि पहिल्यांदाच ते कळून घ्यावं असं वाटलं नाही. नदी डावीकडे असावी. पलीकडे कुणाचं तरी रान.

"झालं," ते शेवटी म्हणाले. "हेही झालं." आणि त्यांनी तार ओढून लाली बंद केली.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, मंडलबाबू आले. बुटके, गळ्यात मफलर, पायाला चिखल. त्यांनी लाली चालू करून पाहिली. पहिल्या फिरकीत पेटली. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "आवाज तर तरण्या मुलीचा आहे, दादा."

"वरची टोपी महिन्याला उघडून बघायची," श्यामराव त्यांना सांगत होते. "थंडीत लगेच जोर लावायचा नाही. आणि आमच्या घरच्या बायकांना जवळ येऊ द्यायचं नाही. ओट्या भरतात."

मंडलबाबूंना काही कळलं नाही, पण ते हसले. तांब्याचे ते दोन वायसर मी धुवून पुसून त्यांच्या हातात दिले, तिळाच्या लाडवांबरोबर. मग ते लालीवर चढले आणि फाटकातून बाहेर पडले. श्यामराव फाटकापर्यंत गेले, आवाज जाईपर्यंत तिथे उभे राहिले, आणि मग मला म्हणाले, "चल, आपणही निघूया." सुयशने टॅक्सी आणली होती. भंगारवाल्याला त्याने सकाळीच नको म्हणून कळवलं होतं.

सॉल्ट लेकला आठव्या मजल्यावर आम्हाला एक खोली मिळाली. पूर्वेकडे खिडकी. हवा स्वच्छ असली तर लांब, खूप लांब, पाणथळीचं पाणी चमकताना दिसतं. श्यामराव तिथे खुर्ची टाकून बसत. पावसाळा येईपर्यंत त्यांना माझं नावही मधूनमधून सुटायला लागलं, पण एक प्रश्न सुटला नाही.

"लाली कुठाय?"

"सासरी गेली."

"बरी आहे का?"

"बरी आहे. मंडलबाबूंचा फोन होता. मासे ओढतेय."

"नीट पाठवलीस ना?"

"ओटी भरून पाठवली."

मग ते मान हलवायचे आणि पाण्याकडे बघत राहायचे. खण मी धुतला. काळं सगळं गेलं नाही. विनीता मे महिन्यात मुलींना घेऊन आली तेव्हा मी त्यात नवे तांदूळ आणि नारळ घालून तिची ओटी भरली. हे समोर बसले होते. उठून गेले नाहीत. विनीताने विचारलं, आई, हा डाग कसला. मी तिला सगळं सांगितलं.

श्यामराव ४ ऑगस्ट २०२५ रोजी, श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी गेले.